बॅच नंबर ४१३००५

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं चाललं असेल, किंवा आधीच आणलं असेल, तर हे वाचा. थोडं लांबलंय. पण मी हिशेबाचा माणूस, क्रमाने सांगितल्याशिवाय मला सांगताच येत नाही.

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या एका व्यापाऱ्याकडे मी हिशेब बघतो. दिवसभर बिलं, चलनं, ई-वे बिलं. एखाद्या पार्टीच्या जीएसटी नंबरात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी माझ्या डोळ्याला खुपतं. हे मुद्दाम सांगतोय. कारण मी फसलो तो एका कागदावर, आणि तो कागद महिनाभर आमच्या फ्रिजला चुंबकाने चिकटवलेला होता. येता-जाता बघत होतो.

सातवीतल्या पोरीचा हट्ट दोन वर्षांचा. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला हो म्हटलं. ओळखीतल्या ओळखीतून होटगी रोडच्या बाजूचा एक माणूस कळला. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा पिल्लं. लॅब्राडॉर, नऊ हजार, "साठ दिवसांचं आहे, पहिला डोस आता द्यायचाय." आई कुठाय विचारलं, तर ती शेतावर, अक्कलकोटकडे. बाप? बाप पुण्याचा. आम्ही काय लग्न जमवायला आलोय का, म्हणून मीच हसलो आणि पुढे विचारलं नाही. पहिली चूक इथेच झाली. पिल्लाची आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नसतं, हे आता कळलंय.

रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हणून पोरीने नाव ठेवलं दाण्या.

पैसे मोजून होतात न होतात तोच विकणाऱ्याने एक नंबर दिला. "डॉक्टर आपले आहेत. घरी येतात. क्लिनिकला गेलात की नुसतं बघायचेच पैसे घेतील, सगळी इंजेक्शनं वेगळी." ते अगदी खोटंही नव्हतं. आदल्या आठवड्यात मी शहरातल्या एका दवाखान्यात फोन करून विचारलं होतं. लसींचे तीन डोस, रेबीजचं इंजेक्शन, जंताचं औषध आणि दर वेळची तपासणी मिळून चार हजारांच्या वर जात होतं. आमच्या घरात माणसांच्या दवाखान्याचाच महिन्याचा आकडा ठरलेला असतो. आईची बीपीची गोळी, बायकोची थायरॉइडची. त्यात कुत्र्याच्या नावाने चार हजार लिहिताना हात जड होतो, हे मी कबूल करतो. ज्यांचा होत नाही त्यांच्यासाठी हे लिहिलेलंच नाही.

हा माणूस आला तो गळ्यात स्टेथोस्कोप घालून. पस्तिशीचा, बोलायला गोड. त्याचं 'वर्षाचं पॅकेज' साडेतीन हजारांचं. सगळ्या लसी, जंताचं औषध, महिन्याला एक फेरी, नखं कापणं, चोवीस तास फोन. हप्त्याने दिलं तरी चालेल. मी तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. पाठवताना नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. विचारलं, तर "भावाचं खातं आहे, माझं लिंक व्हायचंय." दुकानात एखाद्या पार्टीने असं सांगितलं असतं तर मी पैसे सोडलेच नसते. घरात आपण हिशेबनीस नसतो, पोरीचे पप्पा असतो.

आता इंजेक्शन कसं दिलं ते नीट सांगतो, कारण ओळखायची खूण त्यातच होती. दुपारचे बारा, बाहेर एप्रिलमधलं सोलापूर. त्याने खांद्यावरच्या कापडी पिशवीतून सिरिंज काढली, ती आधीच भरलेली. आत पाण्यासारखं काहीतरी. सुई लावली, दाण्याच्या मानेची कातडी उचलली, टोचलं, झालं. बर्फ नाही, थर्मासचा डबा नाही, बाटली नाही. मग खिशातून एक छान चकचकीत कार्ड काढलं, वर लॅब्राडॉरचा फोटो, आत रकाने. तारीख टाकली, लसीचं नाव लिहिलं, बॅच नंबरच्या रकान्यात निळ्या पेनने सहा आकडे लिहिले आणि झोकदार सही ठोकली. एकवीस दिवसांनी दुसऱ्या डोसलाही हेच, तसंच.

खरी लस कशी असते ते मी नंतर बघितलं. पार्वो, डिस्टेंपर वगैरे कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूरोगांसाठी पिल्लांना देतात ती लस छोट्या बाटलीत सुकवलेल्या वडीसारखी असते. दुसऱ्या बाटलीतलं द्रव त्यात घालून तुमच्यासमोर हलवतात आणि लगेच टोचतात. कालवून ठेवून फिरवायची वस्तूच नाही ती. दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, म्हणजे फ्रिजमध्ये, आणि नेताना बर्फात. बाटलीवर एक चिकट लेबल असतं, ते सोलून कार्डावर लावतात. त्यावर कंपनी, बॅच नंबर, मुदत संपायची तारीख, सगळं छापलेलं. म्हणजे बॅच नंबर कुणी हाताने लिहायची गरजच पडत नाही. माझ्या कार्डावर दोन ओळी, दोन्ही हाताने लिहिलेल्या, लेबल एकही नाही. सहीखाली नोंदणी क्रमांकही नाही.

मेच्या सुरुवातीला, दुसऱ्या 'डोस'नंतर चौथ्या दिवशी, दाण्याने सकाळचं दूध-भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुपारी पिवळी उलटी. फोन केल्यावर हा आला, म्हणाला ऊन लागलंय, सोलापूरचं ऊन लॅबला झेपत नाही. इंजेक्शन दिलं. पैसे? "हे पॅकेजमध्ये नाही, इमर्जन्सी व्हिजिटचे आठशे." दिले. गंमत बघा, तासाभरात पिल्लू उठून बसलं, शेपूट हलवायला लागलं. बायको म्हणाली, गुण आहे हाताला. रात्री पुन्हा उलट्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठशे, पुन्हा तासाभराची तरतरी. वर एक टॉनिक आणि एक पावडर, अकराशे पन्नास. तिसऱ्या दिवशी पातळ शी झाली, रक्ताची. तिचा वास मी कधी विसरणार नाही. सडलेल्या रक्ताचा, गोडसर, तीन खोल्यांत भरलेला. तरी हा म्हणतो, जंत पडायलेत, पडू द्या. आणखी आठशे.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी आम्हाला हाकललंच. "अरे, त्याच्या डोळ्यांकडे बघ की. आत गेलेत. चल ऊठ." त्यांच्याच स्कूटीवर टोपलीत टॉवेल अंथरून दाण्याला घेऊन विजापूर रोडकडच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो.

बाईंनी दारातच वास घेतला आणि आम्हाला बाहेरच्या बाजूच्या वेगळ्या टेबलावर घेतलं, कारण आत दुसरी पिल्लं होती. कापसाच्या काडीवर थोडी शी घेतली, किटमध्ये थेंब टाकले. गरोदरपणाच्या चाचणीसारखीच पट्टी असते. दहा मिनिटांत दोन रेघा. पार्वो. त्यांनी कार्ड मागितलं. मी मोठ्या भरवशाने पुढे केलं, दोन डोस झालेत म्हटलं. त्यांनी अंगठ्याने त्या रकान्यावरून हळूच हात फिरवला, नोटेवरची खरी-खोटी बघतात तसा, आणि कार्ड उलटं ठेवलं. "लेबल कुठंय?" एवढंच विचारलं.

मग कळल्या गोष्टी एकेक. पार्वोला थेट मारणारं औषध नाही. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं, आतड्याचं अस्तर झडतं, त्यातून जंतू रक्तात शिरतात. म्हणून सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि पिल्लाच्या अंगात लढायला दम येईपर्यंत त्याला धरून ठेवायचं. पहिले दिवस सगळ्यात मोलाचे. आमचे तीन दिवस "ऊन लागलंय" यात गेले. आणि ती तासाभराची तरतरी? बाई म्हणाल्या, सिद्ध करता येणार नाही, पण बहुतेक स्टेरॉइड असावं. त्याने जनावर घटकाभर ताजंतवानं दिसतं, मालक खूश होतो, आणि आत प्रतिकारशक्ती आणखी खाली बसते. हे ऐकून मला त्या माणसापेक्षा स्वतःचाच राग आला, कारण मी दोन्ही वेळा त्याला दारापर्यंत सोडायला गेलो होतो.

त्यांनी मोबाइलमधला आणल्या दिवशीचा फोटोही बघितला. डोळ्यांचा निळसरपणा अजून गेलेला नव्हता. "हे साठ दिवसांचं नव्हतं हो, फार तर पाच आठवड्यांचं." आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या कुत्रे पैदास नियमांतच मनाई आहे, आणि पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. पाच आठवड्यांत आईपासून तोडलेलं पिल्लू आधीच कच्चं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण हळूहळू उतरत जातं, आणि ते अंगात आहे तोवर खरी लससुद्धा नीट लागू पडत नाही. म्हणून तर सहा ते आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत डोस परत परत देतात. मला वाटायचं पैसे काढायला देतात.

दाण्याच्या पुढच्या पायात सुई बसवली, निळी पट्टी गुंडाळली. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन. पोरगी बाटलीतले थेंब मोजत बसायची. चौथ्या दिवशी त्याने माझ्या बोटाला लागलेलं दही चाटलं. तो वाचला.

हिशेब असा. त्या माणसाकडे गेले पॅकेजचे ३,५००, तीन फेऱ्यांचे २,४००, टॉनिक-पावडरचे १,१५०. एकूण ७,०५०. खऱ्या उपचाराला चाचणीचे १,००० आणि बाकीचे ९,८००. म्हणजे १०,८००. दोन्ही मिळून १७,८५०. आणि खऱ्या लसी अजून द्यायच्याच होत्या. चार हजार जड वाटले म्हणून ही सगळी उठाठेव. बाई पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, खर्च झेपत नसेल तर स्पष्ट सांगा, सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात घेऊन जा, गाई-म्हशींसोबत कुत्रीही बघतात, फी नाममात्र असते, एखादं औषध बाहेरून आणावं लागतं इतकंच. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की ते दवाखाने फक्त शेतकऱ्यांच्या जनावरांचे. ही माहिती त्या दिवशी माझ्या कामाची नव्हती. म्हणून मी ती ऐकली आणि सोडून दिली. पुढे येईल ते.

त्या माणसाचं काय झालं, तर फोन दोन दिवस उचलला, मग "कंपनीची बॅच खराब होती" म्हणाला, मग नंबरच बंद. तो डॉक्टर नव्हताच. आधी कुठल्याशा औषधांच्या दुकानात होता असं कानावर आलं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच जनावरांवर उपचार करता येतात. पदविका केलेल्यांना किरकोळ सेवा देता येते, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. नोंदणी होते ती राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे, नागपूरला. तेव्हा लाजू नका, "डॉक्टर, तुमचा नोंदणी क्रमांक काय?" असं पहिल्याच भेटीत विचारा. खरे डॉक्टर चिडत नाहीत. आमच्या बाईंनी तर भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं आणि कामाला लागल्या.

पोलिसांत अर्ज दिला, पोच घेतली. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तिथेही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. पिल्लू विकणारा मात्र अजून गच्चीवरच आहे. "मी फक्त नंबर दिला, जबरदस्ती केली का?" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण पुढे हेच मीही केलं.

आमच्या दुकानाचे गठ्ठे वाहणारा एक टेम्पोवाला आहे. अशोक चौकाच्या बाजूला राहतो, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. मला अण्णा म्हणतो. एप्रिलमध्ये माल उतरवायला घरी आला, दाण्याला मांडीवर घेतलं, आणि त्याच्या पोरालाही पाहिजे झालं. मीच त्याला गच्ची दाखवली. उरलेलं एक बारकं पिल्लू विकणाऱ्याने त्याला सहा हजारांत दिलं. आणि मीच, माझ्या फोनमधून, त्या डॉक्टरचा नंबर त्याला पाठवला. वर लिहिलं होतं, 'माणूस चांगला आहे, हप्त्याने घेतो.' तो आठवड्याला पाचशे देत होता.

त्याचं पिल्लू दाण्यानंतर एकाच दिवसाने पडलं. त्याला दोन इंजेक्शनं मिळाली आणि मग बंद फोन. दाण्याला सलाईन लागलंय हे त्याला दुकानातून कळलं होतं, आणि सोबत दहा हजारांचा आकडाही. तो आकडा ऐकून तो मला फोन करायचाच थांबला. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत राहिला. पिल्लू ते उलटून टाकत राहिलं. सरकारी दवाखान्याचं बाईंनी मला सांगून तेव्हा दोन दिवस झाले होते. रविवारी पहाटे गेलं ते.

मला बुधवारी कळलं, चलनावर सही करताना. "अण्णा, गेलं की ते," एवढंच म्हणाला आणि गठ्ठे मोजायला लागला.

तक्रारीला जोडायला त्याचंही कार्ड मागितलं. पेट्रोलच्या पावत्यांमध्ये घडी घालून ठेवलेलं. दोन्ही कार्डं मी टेबलावर शेजारी ठेवली. तेच निळं पेन, तीच सही. दोघांच्या दुसऱ्या डोसची तारीखही एकच, आणि त्या दिवशी तो 'डॉक्टर' आपण दुपारपर्यंत बार्शीत अडकलो होतो म्हणून मला सांगत होता. मग बॅच नंबर बघितला. त्याच्या कार्डावर ४१३००५. माझ्या कार्डावर ४१३००५. चारही ओळींत तेच. मी रोज शंभरेक चलनांवर पत्ता टाकतो, आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटी हा आकडा असतो. पिन कोड आहे तो. सोलापूरचा.

टेम्पोवाल्याला दाखवलं. त्याने दोन्ही कार्डं उजेडात धरून बघितली आणि हसला, खरंच हसला. "आपल्याच गावाचा नंबर टाकलाय की बे त्यानं."

त्याने भरलेले दोन हजार मी देऊ केले. घेतले नाहीत. माझं दोन दिवसांचं मौन त्याला सांगावं की नाही यावर मी बराच विचार केला, आणि सांगितलं. तो काही बोलला नाही. जनावर गेलेल्या घरात वर्षभर तरी नवं पिल्लू आणू नको, पार्वोचा विषाणू फरशीत, गोणपाटात महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलने जात नाही, ब्लीच एक वाटीला तीस वाट्या पाणी घालून दहा मिनिटं ठेव आणि मग धू, हे बाईंनी सांगितलेलं त्याला सांगितलं. त्याने ते बिडीच्या पाकिटावर लिहून घेतलं.

निघताना टेम्पोच्या कप्प्यातून त्याने एक पट्टा काढला. लाल, घुंगरू लावलेला, मंगळवार बाजारातून घेतलेला. "नवाच आहे अण्णा, दोनदा घातलाय. दाण्याला होतो का बघा."

मी घेतला. ब्लीचच्या पाण्यात बुडवला, गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकला. रंग उडून गुलाबी झालाय.